गार्ड, अ‍ॅप आणि टिकल्यांचे पाकीट: दिवसा दात आवळण्याच्या सवयीवरील तीन साधनांचे परीक्षण

दात आवळण्यावर उपाय म्हणून बाजारात जे काही विकले जाते, त्यातील बहुतेक सारे रात्रीसाठी असते. झोपेत करकरा दात खाणाऱ्या माणसाचा आवाज शेजारी झोपलेल्याला ऐकू येतो, त्यामुळे त्या त्रासाला साक्षीदार असतो, नाव असते आणि गिऱ्हाईकही असते. दिवसा दात आवळणारा मात्र कसलाच आवाज करत नाही. संगणकावर काम करताना, दुचाकी चालवताना, भाजी चिरताना किंवा कुणाचे तरी बोलणे मुकाट्याने ऐकून घेताना त्याच्या दाढा एकमेकींवर टेकतात, हळूहळू दाबल्या जातात, आणि संध्याकाळी कानशिले ठणकू लागेपर्यंत त्याचा त्यालाही पत्ता नसतो. या दुसऱ्या प्रकारासाठी मी तीन साधने वापरली: दंतवैद्याकडे माप देऊन करून घेतलेला, दातांवर बसवायचा कडक गार्ड, फोनवर अनियमित वेळाने आठवण करून देणारे एक मोफत अ‍ॅप आणि कटलरीच्या दुकानातून आणलेले टिकल्यांचे पाकीट. गार्डला काही हजार रुपये पडले, अ‍ॅपला काहीच नाही आणि पाकिटाला वीस रुपयांहून कमी. उपयोगाच्या दृष्टीने पाकीट पहिले, अ‍ॅप दुसरे आणि गार्ड, दिवसापुरता, शेवटचा ठरला.

परीक्षणाचा निकष आधी स्पष्ट केला पाहिजे. खाणे आणि गिळणे सोडले तर वरच्या आणि खालच्या दातांना एकमेकांशी टेकून राहण्याचे काही कारण नसते. ओठ मिटलेले, पण आत दात सुमारे २ ते ४ मिलिमीटर सुटे, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था आहे. दिवसभरातील दातांचा एकूण स्पर्श वीस मिनिटांच्या आत असतो, हा जुन्या मोजमापांतून आलेला आकडा दंतवैद्यकात वारंवार सांगितला जातो. २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ ओरल रिहॅबिलिटेशन’ या नियतकालिकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे जे सहमतीपत्र प्रसिद्ध झाले, त्याने जागेपणीच्या ब्रक्सिझमची, म्हणजे दात आवळण्या-घासण्याची, व्याख्या झोपेतल्या ब्रक्सिझमपासून वेगळी केली. तिच्यात दातांचा वारंवार किंवा सलग होणारा स्पर्श येतो आणि दात न टेकवता जबडा ताठ धरणे किंवा पुढे रेटणे हेही येते. अन्यथा निरोगी असलेल्या माणसात याला हालचालींचा आजार मानू नये, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे हे स्नायूंचे एक वर्तन आहे, आणि वर्तन बदलायचे तर ते घडत असतानाच पकडावे लागते. साधन ते पकडून देते का, एवढाच माझा निकष आहे.

आपल्याला हा त्रास नाही असे समजणाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. दोन्ही हातांची बोटे गालांवर, कानाच्या पाळीच्या थोडी पुढे आणि खाली ठेवावीत आणि दात घट्ट दाबावेत. बोटांखाली जो गोळा टरारून वर येतो तो मॅसेटर, म्हणजे चावण्याचा मुख्य स्नायू. आता जोर सोडून दात नुसते टेकवून ठेवावेत. थोड्या वेळाने गालात आणि कानशिलात जो बारीक ताण जाणवू लागतो, तोच काहीजणांच्या तोंडात तासन्‌तास चालू असतो. गालाच्या आतून दाढांच्या रेषेत उमटलेली पांढरी रेघ आणि जिभेच्या कडांवर पडलेल्या दातांच्या खुणा याही सूचक असतात, मात्र केवळ त्यांवरून निदान होत नाही. दुखणे सकाळी उठताना जास्त की दिवस कलताना जास्त, हा प्रश्न त्यांच्याइतकाच उपयोगी आहे.

गार्डविषयी तक्रारीचा सूर लावण्याचे मला कारण नाही, कारण तो ज्या कामासाठी केला जातो ते काम तो चोख करतो. माप घेताना तोंडात भरला जाणारा थंडगार लगदा, पुढच्या खेपेला निळा कागद चावायला लावून उंचवटे घासणे, मग आरशासमोर तो बसवण्याचा आणि काढण्याचा सराव, हे सगळे यथासांग झाले. ज्यांनी तो करून दिला त्या दंतवैद्यांनीच हेही स्पष्ट सांगितले होते, की हा रात्रीसाठी आहे, तो दातांची झीज रोखेल, कॅप बसवलेल्या दाढेवरचा भार वाटून घेईल, पण सवय मोडणार नाही. तरीही एवढे पैसे खर्च केल्यावर तो दिवसाही लावून पाहण्याचा मोह होतोच. दिवसा त्याचे वर्तन असे: ‘स’ आणि ‘श’ घसरतात, फोनवर पलीकडचा माणूस दोनदा विचारतो, तोंडात लाळ साचते आणि चहा आला की तो काढून डबीत ठेवावा लागतो. डबी विसरली तर तो कागदी रुमालात गुंडाळला जातो, आणि कागदी रुमाल टेबल आवरणाऱ्याच्या हाती लागला की पुढचे सांगायला नको. (घरात कुत्रा असेल तर धोका दुप्पट आहे, गार्ड चावून चिंध्या करण्यात कुत्र्यांना विलक्षण रस असतो.) शिवाय गरम पाण्याने धुतला तर अ‍ॅक्रिलिक वाकते, म्हणून मऊ ब्रश आणि गार पाणी एवढेच चालते.

पण या गैरसोयी गौण आहेत. मुख्य मुद्दा असा, की गार्ड लावलेला असतानाही जबडा आवळला जातोच, फक्त दातांऐवजी प्लॅस्टिकवर. स्नायू तेवढेच काम करतात, संध्याकाळचे ठणकणे तसेच राहते, उलट काहीतरी मधे आहे म्हणून मन निर्धास्त होते. गार्ड हे कवच आहे, आणि कवच कधीही सांगत नाही की आपण आत्ता काय करत आहोत. पुढच्या मोजक्याच दातांवर बसणारे छोटे गार्डही विकले जातात. ते दिवसरात्र लावून ठेवले तर दात सरकून चावा बदलू शकतो, त्यामुळे दंतवैद्यांच्या देखरेखीशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गरम पाण्यात बुडवून घरीच दातांवर बसवायचे मऊ गार्ड ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात. ते मी विकत घेतले नाहीत, आणि त्याचे कारण एक जुना पण अजून उद्धृत होणारा प्रयोग आहे. अमेरिकेतील दंततज्ज्ञ जेफ्री ओकेसन यांनी १९८७ मध्ये दहा जणांना कडक आणि मऊ असे दोन्ही प्रकारचे स्प्लिंट, म्हणजे असेच गार्ड, देऊन रात्रीची स्नायूंची हालचाल मोजली. कडक स्प्लिंटने ती आठ जणांत कमी झाली. मऊ स्प्लिंटने ती एकाच व्यक्तीत कमी झाली आणि पाच जणांत चक्क वाढली. दहा जणांचा प्रयोग लहानच म्हणायचा आणि तो रात्रीचा होता हेही खरे, पण तोंडात चघळायला काही मऊ दिले तर जबडा ते चघळणार, हे पटायला फारसे अवघड नाही.

अ‍ॅपकडे वळताना मूळ कल्पना कुठली ते सांगितले पाहिजे. इटलीतील डॅनिएले मान्फ्रेदिनी आणि अलेस्सान्द्रो ब्राच्ची यांच्या संशोधनाशी जोडलेले ‘ब्रक्सअ‍ॅप’ हे या क्षेत्रातले नावाजलेले उदाहरण आहे. ते दिवसभरात अनियमित वेळी फोन वाजवते आणि त्या क्षणी जबडा कसा होता एवढेच विचारते. उत्तरे पाच: सैल, दात नुसते टेकलेले, दात दाबलेले, दात घासणे चालू, आणि दात सुटे पण जबडा ताठ. या पद्धतीने निरोगी तरुण विद्यार्थ्यांची आठवडाभर नोंद केली, तेव्हा सुमारे सत्तर टक्के उत्तरे ‘सैल’ अशी आली. म्हणजे ज्यांना काही दुखत नाही तेही दिवसभर पूर्ण सैल नसतात, आणि शंभर टक्क्यांचे ध्येय ठेवून स्वतःला छळण्यात अर्थ नाही. मी मात्र हे विशिष्ट अ‍ॅप वापरले नाही. आठवणीचा मजकूर आपणच लिहायचा आणि वेळ अ‍ॅपने स्वतःच्या मर्जीने निवडायची, असे एक सर्वसाधारण मोफत अ‍ॅप घेऊन त्यात हेच पाच पर्याय लिहिले.

या प्रकारच्या साधनाचे सर्वांत मोठे बळ अनियमितपणात आहे. दर तासाला ठरलेल्या ठोक्यावर कंप देणारा मनगटी पट्टा असेल तर माणूस तासाच्या शेवटी आपसूक सावध होतो, आणि प्रश्न येतो तेव्हा जबडा आधीच शहाण्यासारखा सैल असतो. वेळ ठाऊक नसली की चोरी रंगेहाथ पकडली जाते. माझ्या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते अनपेक्षित होते. वादावादीत, संतापात, ज्याला आपण दातओठ खाणे म्हणतो त्या प्रसंगांत, जबडा फारसा सापडला नाही, कारण तेव्हा तोंड बोलण्यात गुंतलेले असते. तो सापडला तो लांबलचक मजकूर वाचताना, आकड्यांचे रकाने जुळवताना, सुईत दोरा ओवताना, पाण्याची बादली उचलताना आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसलेला असताना सिग्नलला. ताणापेक्षा एकाग्रता हा माझ्यापुरता मोठा गुन्हेगार निघाला, आणि ही माहिती गार्डने कधीच दिली नसती.

पाचवा पर्याय, म्हणजे दात सुटे पण जबडा ताठ, याकडे विशेष लक्ष द्यावे. दात टेकवायचे नाहीत एवढेच पक्के केलेला माणूस लवकरच जबडा अधांतरी धरून ठेवायला शिकतो. दात लागत नाहीत, म्हणून त्याला वाटते की जमले. गालाचे स्नायू मात्र तसेच ताणलेले असतात आणि दुखणे हटत नाही. दात सुटे ‘ठेवायचे’ नसतात, जबडा ‘सोडायचा’ असतो, आणि हा फरक केवळ वाचून कळत नाही. प्रश्नाला उत्तर देताना क्षणभर तपासावे लागते तेव्हा कळतो.

अ‍ॅपचे दोष त्याच्या फोनमध्ये असण्यातच आहेत. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चाललेली अ‍ॅप बंद करतो, आणि मग दुपारनंतर एकही आठवण येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्यावी लागते. बैठकीत फोन वाजणे बरे दिसत नाही, आणि कंपावर ठेवला तर तो पर्समध्ये राहतो. सर्वांत वाईट म्हणजे उत्तर देण्यासाठी पडदा उघडला की व्हॉट्सअ‍ॅपचे सतरा निरोप वाट पाहत असतात, आणि ते वाचता वाचता दाढा पुन्हा टेकतात. काही आठवड्यांनी आणखी एक गोष्ट घडते: बोट न पाहताच आठवण बाजूला सारू लागते. म्हणून अ‍ॅप हे सुरुवातीच्या तपासणीसाठी उत्तम, रोजच्या सोबतीसाठी मध्यम, असे माझे मत झाले.

आता पाकीट. छोट्या खुणा चिकटवून त्या दिसल्या की दात सोडायचे, ही पद्धत जपानमध्ये रीतसर वापरली जाते. टोकियोतील संशोधकांनी दात नुसते टेकवून ठेवण्याच्या सवयीला स्वतंत्र नाव देऊन जबड्याच्या जुनाट दुखण्याशी तिचा संबंध २००६ मध्ये मांडला होता, आणि तिथले दंतवैद्य रुग्णांना घरभर चिठ्ठ्या लावायला सांगतात. त्यामागचे मानसशास्त्र त्याहून जुने आहे. अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सवय उलटवण्याची जी रीत मांडली, तिचे मुख्य दोन पाय म्हणजे सवय घडताना ती ओळखणे आणि लगेच तिच्याशी विसंगत असे काहीतरी करणे. आपल्याकडे चिठ्ठीसाठी कागद, कात्री, गोंद यांची काहीच गरज नाही. पाठीला डिंक असलेली, लाल किंवा मरून, लांबूनही दिसणारी गोल खूण प्रत्येक कटलरीच्या दुकानात टांगलेली असते.

कुठे लावावी, यात सारे कौशल्य आहे. अ‍ॅपने दाखवलेल्या जागांवर मी त्या लावल्या: लॅपटॉपच्या पडद्याच्या चौकटीवर वरच्या कोपऱ्यात, ओट्यामागच्या फरशीवर नजरेच्या उंचीला, शिवणाच्या डब्याच्या झाकणावर, न्हाणीघरात नळाच्या वर, आणि हेल्मेटच्या आतल्या बाजूला, म्हणजे ते डोक्यावर चढवण्याआधी ती दिसेल अशी. दुचाकीच्या काट्यावर लावू नये, रस्त्यावरची नजर तिथे जाणे परवडणारे नाही. आणि आरशावर तर मुळीच लावू नये. मराठी घरातल्या आरशाच्या कडेला आधीच चार जुन्या टिकल्या चिकटलेल्या असतात, आणि नजरेने त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचे शिक्षण वर्षानुवर्षे घेतलेले असते. घरच्यांना आधी सांगून ठेवणेही बरे. “फरशीला कुंकू लावलंयस का गं?” असे सासूबाईंनी विचारले, तेव्हा सविस्तर उत्तर द्यावे लागले. त्याचा फायदा असा झाला, की आता ओट्याशी उभे राहून त्याही मधूनच गाल चाचपून पाहतात.

टिकली दिसली की करायचे ते इतके लहान असावे की हातातले काम थांबवावे लागू नये. नाकाने श्वास सोडायचा आणि त्याबरोबर खांदे खाली येऊ द्यायचे. तोंडातल्या तोंडात ‘न’ म्हणायचा. तो उच्चारताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. ते तिथेच राहू द्यायचे, ओठ अलगद मिटायचे आणि खालचा जबडा स्वतःच्या वजनाने सुटू द्यायचा. जीभ तिथे विसावली असता दाढा दाबणे अवघड जाते, म्हणजे विसंगत कृतीची अट पूर्ण होते. यापेक्षा जास्त काही करू नये. तोंड मोठे उघडून ताणणे, जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवणे हे व्यायाम वेगळे, ते सांध्याची तपासणी करून ज्यांनी सांगितले असतील त्यांच्यासाठी.

टिकल्यांचा दोष एकच, पण पक्का आहे: डोळ्यांना त्यांची सवय होते. पहिले काही दिवस प्रत्येक टिकली हाक मारते, मग ती भिंतीचा भाग होऊन जाते. यावर उपाय म्हणजे दर आठवड्याला जागा आणि रंग दोन्ही बदलणे. पाकिटात एकाच रंगाच्या टिकल्या असतील तर दोन पाकिटे घ्यावीत; खर्च तरीही रिक्षाच्या भाड्याइतकाच होतो. बाहेर, परक्या कार्यालयात, प्रवासात टिकल्यांचा उपयोग नाही, तिथे अ‍ॅपला पर्याय नाही. म्हणून सुरुवातीला अ‍ॅपने जागा शोधणे, मग टिकल्यांवर येणे आणि अधूनमधून एखादा आठवडा पुन्हा अ‍ॅप लावून पडताळणे, हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटला. परिणाम असा, की संध्याकाळची कानशिले बहुतेक दिवशी शांत असतात. मुदतीच्या तारखा जवळ आल्या की पुन्हा ठणकतात, पण तेव्हा कारण लगेच लक्षात येते. गार्ड रात्री अजूनही लावते, आणि तिथे त्याच्याविषयी काही म्हणणे नाही.

गालाच्या स्नायूत बोटुलिनमचे इंजेक्शन हाही पर्याय सुचवला जातो. त्याने स्नायूचा जोर काही महिने कमी होतो, पण सवय जागच्या जागी राहते आणि खर्च पुन्हा पुन्हा येतो. मी त्या वाटेने गेले नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही.

काही परिस्थितींत मात्र यांपैकी एकही साधन वापरत बसू नये. जबडा अडकत असेल, दात तुटला असेल, किंवा तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील तर थेट दंतवैद्यांकडे जावे. सुपारी, गुटखा किंवा मावा खाणाऱ्यांनी तोंड कमी उघडणे हे दात आवळण्याचे लक्षण मानूच नये. त्यांच्यात गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाणारा वेगळा आजार होतो आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे आणि दृष्टीत बदल हे एकत्र आले तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी, विशेषतः एसएसआरआय गटातल्या, दात आवळणे सुरू होऊ शकते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता ज्यांनी ती लिहून दिली त्यांना हे सांगावे.

खरेदीविषयी थोडे. मखमली टिकल्या घ्याव्यात, खड्यांच्या घेऊ नयेत. खडे उजेडात चमकतात खरे, पण डिंक लवकर सुटतो आणि ओट्यावर त्या फोडणीत पडण्याची शक्यता असते. अगदी बारीक आकार निरुपयोगी, मध्यम पुरे. न्हाणीघरातल्या टिकल्या ओलाव्याने लवकर गळतात, तिथे प्लॅस्टिकच्या टिकतात. काढल्यावर फरशीवर डिंकाचा डाग राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून मग साबणाच्या पाण्याने पुसावे. लॅपटॉपच्या चौकटीवर मात्र तेल न लावता तो नखाने हलकेच खरवडून काढावा.